मीटरच्या अलीकडे, मीटरच्या पलीकडे

बुलढाणा जिल्ह्यात नवख्या माणसाला गाव विचारलं, की पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: घाटावरचे का घाटाखालचे? सोयरीक जुळवताना, बदली मागताना, बियाणं घेताना या प्रश्नाला महत्त्व आहेच. पण विजेच्या बाबतीत तो जितका महत्त्वाचा आहे तितका दुसऱ्या कशात नसेल. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. तिथे मे महिन्यातही पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटते. घाट उतरून पूर्णेच्या खोऱ्यात आलं, की मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांना सहज टेकतो आणि मध्यरात्र उलटली तरी भिंतीला हात लावला तर ती ऊन लागते. वडनेर भोलजी हे याच पट्ट्यातलं, नांदुरा तालुक्यातलं, मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधे महामार्गावर वसलेलं गाव. महामार्गाला कागदोपत्री आता ५३ क्रमांक मिळाला आहे. बोलण्यात मात्र तो अजून सहा नंबरच आहे. अशा गावातल्या घरगुती विजेवरचं हे पुस्तक. विजेबद्दल बोलायला सुरुवात दिव्यापासून करण्याचा रिवाज आहे, पण घाटाखाली तो रिवाज चालत नाही. इथे सुरुवात कुलरपासूनच करावी लागते.

कुलर हे वऱ्हाडाने आपलंसं केलेलं यंत्र आहे. पत्र्याचा डबा, तीन बाजूंना लाकडाच्या भुशाच्या जाळ्या, तळाशी पाणी, ते वर चढवणारा तळहाताएवढा पंप आणि समोर पंखा. कोरडी हवा ओल्या जाळीतून ओढली, की पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता निघून जाते आणि खोली थंड होते. हवा जितकी कोरडी तितका कुलर चांगला. म्हणून तो मुंबईत कुचकामी आणि इथे मे महिन्यात हुकमी. जुलैत हवा दमट झाली, की त्याचा जोर ओसरतो आणि तो पुढच्या वर्षीपर्यंत माळ्यावर जातो. घरगुती कुलर साधारण १५० ते २५० वॅट खातो. एक टनाचा एसी चालू असताना हजार वॅटच्या आसपास ओढतो. म्हणजे खर्चाच्या हिशेबात कुलरला तोड नाही, हे आधी मान्य केलं पाहिजे.

आणि तरीही दर उन्हाळ्यात वऱ्हाडातल्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर चार ओळींची तीच बातमी असते: कुलरचा शॉक लागून मृत्यू. गाव बदलतं, वय बदलतं, प्रसंग बदलत नाही. पाणी संपलेलं असतं, कोणीतरी बादली घेऊन जातं, कुलर चालूच असतो, फरशी ओली असते, पायात चप्पल नसते. घरात पाणी भरण्याचं काम बहुधा बाईचं नाही तर लेकरांचं, त्यामुळे बातमीतलं नावही बहुधा त्यांचंच. कारण तांत्रिकदृष्ट्या साधं आहे. वर्षभर माळ्यावर पडलेल्या पंपाचं इन्सुलेशन तडकतं, वायरीला उंदीर लागतात किंवा ती पत्र्याच्या कडेला घासते, आणि फेज डब्याला भिडतो. डबा जमिनीला, म्हणजे अर्थिंगला, नीट जोडलेला असेल तर वीज त्या वाटेने निघून जाते, फ्यूज उडतो आणि घरात फक्त अंधार होतो. जोडलेला नसेल तर ती डब्यावर वाट बघत राहते.

इथे एक गैरसमज फार खोल रुजला आहे. घरात एमसीबी बसवली म्हणजे शॉकपासून संरक्षण झालं, असं पुष्कळांना वाटतं. एमसीबी वायरीला वाचवते, माणसाला नाही. सहा अँपिअरची एमसीबी सहा अँपिअरच्या पुढे विचार करू लागते. माणसाचा जीव जायला त्याच्या शंभराव्या हिश्शाइतका प्रवाहही पुरतो. दहा-पंधरा मिलिअँपिअरला हाताची मूठ आवळली जाते आणि सोडवता येत नाही, तीसच्या पुढे श्वास आणि हृदय धोक्यात येतं. २३० व्होल्ट आणि ओली कातडी असली, की एवढा प्रवाह सहज वाहतो. माणसासाठी जे उपकरण आहे त्याचं नाव आरसीसीबी. घरात फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तितकीच परत येते का, एवढंच ते बघत बसतं. ३० मिलिअँपिअरची तफावत दिसली, की क्षणाच्या अंशात लाईन तोडतं. त्यासाठी मोजावे लागणारे पैसे कुलरच्या किमतीहून बरेच कमी आहेत. तरी ते उपकरण घरांत दिसत नाही, कारण जुन्या वायरिंगमधे दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत गुंतलेले असतात, ओल शिरलेली असते, आणि आरसीसीबी बसवली की ती सारखी पडते. मग वायरमनला बोलावलं जातं, आणि तो घरच्यांच्याच आग्रहावरून तिला बगल देऊन लाईन सरळ जोडून देतो. सारखी पडते म्हणजे ती बिघडली आहे असा अर्थ लावला जातो. ती खरं बोलत असते.

अर्थिंगची गोष्ट तर या मातीत आणखी अवघड आहे, आणि शहरात बसून लिहिलेल्या पत्रकांत ती कधी येत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. जमिनीत गाडलेल्या पाइपाभोवतीची माती उन्हाळ्यात त्याला सोडून मागे सरते, ओल खाली जाते, आणि अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणजे ज्या महिन्यात कुलर चोवीस तास चालतो नेमक्या त्याच महिन्यात माणसाला वाचवणारी जमीन सर्वांत दुबळी झालेली असते. उलट नदीच्या बाजूला खारपाण पट्ट्याकडे जावं तर मातीतल्या क्षारांमुळे वीज चांगली वाहते, पण तेच क्षार लोखंडी पाइप लवकर खातात. वरून शाबूत दिसणारं अर्थिंग खाली संपलेलं असू शकतं. खड्ड्यात मीठ-कोळसा भरून एकदा काम संपत नाही. उन्हाळ्यात त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतावं लागतं आणि दोन-तीन वर्षांनी कोणाकडून तरी रोध मोजून घ्यावा लागतो. पुस्तकातलं पहिलं प्रकरण यावरच आहे. ते रुक्ष आहे. पण क्रम बदलण्याचा सल्ला मानला नाही हे बरं झालं असं मला वाटतं.

वीज बचत आणि वीज सुरक्षा हे सरकारी व्यवस्थेत दोन वेगवेगळे संसार आहेत. बचतीचा संसार दिल्लीच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा; २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यातून तो २००२ साली उभा राहिला आणि २००६ पासून उपकरणांवर तारे लावू लागला. सुरक्षेचा संसार विद्युत निरीक्षकांचा. दोघांचे सप्ताह वेगळे, फलक वेगळे, घोषणा वेगळ्या. घरात मात्र अशी वाटणी नसते. बोर्डाच्या मागे सैल पडलेला एक जोड तापतो. ती उष्णता मीटरमधे युनिट म्हणून मोजली जाते आणि त्याच उष्णतेने एक दिवस बोर्ड काळा पडून पेट घेतो. बचत हवी म्हणून जोड आवळला काय आणि आगीच्या भीतीने आवळला काय, पेचकस तोच. या पुस्तकाने दोन्ही विषय एकत्र बांधले याचं मला म्हणूनच अप्रूप आहे.

आता बिलाकडे येऊ, कारण घरात विजेची चर्चा होते ती बिल आल्यावर. महावितरणच्या घरगुती दरांची पहिली पायरी १०० युनिटांपर्यंत, दुसरी ३०० पर्यंत. दुसऱ्या पायरीवर युनिटाचा दर पहिलीच्या सुमारे दुप्पट होतो, आणि सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. १०० ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात अशी एक समजूत आहे; तसं नाही, वरचे तेवढेच महाग होतात. पण यातूनच एक गोष्ट निघते, तिकडे कोणी लक्ष देत नाही. ७५ वॅटचे दोन पंखे रोज पंधरा तास आणि २०० वॅटचा कुलर बारा तास चालला, तर दिवसाला साडेचार युनिटांहून थोडं जास्त, महिन्याला १४० च्या आसपास. फ्रिज, टीव्ही, दिवे अजून मोजलेलेच नाहीत. ते दोन पंखे बदलून ३० वॅटचे बीएलडीसी पंखे लावले, तर महिन्याला ४० युनिट वाचतात. आणि हे ४० युनिट खालून नाही, वरून कमी होतात, म्हणजे महागड्या दराचे. सरासरी दराने हिशेब केला तर पंख्याची किंमत वसूल व्हायला खूप काळ लागेल असं वाटतं. प्रत्यक्षात घाटाखालचा एकच लांबलेला उन्हाळा हिशेबाचा चांगला वाटा चुकता करतो.

दिव्यांचं काम आधीच झालं आहे. २०१५ च्या जानेवारीत उजाला योजना सुरू झाली, देशभर ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले, आणि सरकारी खरेदीत २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा बल्ब दोन वर्षांत चाळीस रुपयांच्या खाली आला. ६० वॅटच्या पिवळ्या बल्बच्या जागी ९ वॅट आला तो कोणाच्या उपदेशाने नव्हे, स्वस्त झाला म्हणून. पंख्यांचं अजून तसं झालेलं नाही. २०२३ पासून छताच्या पंख्यांना तारे सक्तीचे झाले, पण गावात पंखा कोणी विकत घेत नाही, तो लग्नात येतो. आणि जळाला तर रिवाइंड होतो. रिवाइंडिंग करणाऱ्या कारागिराच्या हातात खरी कला आहे, यात शंका नाही. पण घाईत, हलक्या तारेने भरलेला पंखा आधीपेक्षा जास्त तापतो आणि जास्त खातो, आणि हे कोणाच्या बिलावर लिहून येत नाही.

या पुस्तकातलं मला सर्वांत आवडलेलं प्रकरण विजेचं नाहीच, छताचं आहे. घाटाखालच्या जुन्या घरांवर धाबं होतं: लाकडी सरे, त्यावर काड्या-पाला, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दिवसभराचं ऊन तो थर पिऊन घेई आणि ते आत पोहोचेपर्यंत रात्र झालेली असे. दर पावसाळ्याआधी माती टाकायची, गळकी जागा शोधायची, विंचू-इंगळी सांभाळायची, यात माणसं थकली, आणि धाब्यांच्या जागी टिन आले. टिनाखालची खोली दुपारी एकच्या सुमारास काय होते हे ज्याला माहीत नाही त्याने वीज बचतीवर भाषण देऊ नये. पुढे पैसा आला तशी स्लॅब पडली. स्लॅब टिनापेक्षा बरी, पण तीही दुपारचं ऊन साठवून रात्री खाली सोडते, म्हणून माणूस पहाटेपर्यंत कुलर बंद करत नाही. गच्चीवर मार्च संपताना चुन्याचे दोन पांढरे हात दिले तर ऊन परत फेकलं जातं आणि खोलीचं तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. टिनावरही पांढरा रंग चालतो. खाली बांबूच्या तट्ट्याचं छत बांधलं तर आणखी फरक पडतो. जुनी माणसं टिनावर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या काड्या, पसरतात, त्यात थंडावा आहे. पण कोरडी पऱ्हाटी आणि वरून गेलेली सर्व्हिस वायर हे एकत्र नसावेत.

टिनाच्या घराचा आणखी एक धोका आहे. खांबावरून आलेली वायर पत्र्याच्या धारेला टेकते, वाऱ्याने वर्षभर घासते, आणि एक दिवस सगळं घरच फेजवर जातं. त्या घराच्या वाश्यापासून समोरच्या खुंटीपर्यंत कपडे वाळवायची तार बांधलेली असते. पहिल्या पावसात ओली साडी टाकायला गेलेली बाई, तिला सोडवायला धावलेला नवरा, मग सासू, अशा एकाच घरातल्या दोन-दोन, तीन-तीन मृत्यूंच्या बातम्या महाराष्ट्राने अनेकदा वाचल्या आहेत. कपड्यांसाठी तारेऐवजी नायलॉनची दोरी बांधायची, हा उपाय वीस-पंचवीस रुपयांचा. आणि चिकटलेल्या माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच पाडायचा. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करायची.

इथवर घराचं झालं. पण घरातली वीज घरात सुरू होत नाही. ती डीपीवरून, म्हणजे रोहित्रावरून, येते, आणि डीपी गावविहिरीसारखी सामाईक आहे: एकाने ओरबाडलं की दुसऱ्याला कमी पडतं. नळ येण्याचा वार असतो तेव्हा हे स्वच्छ दिसतं. पाणी सुटलं, की गल्लीतले सगळे टिल्लू पंप एका मिनिटात सुरू होतात, व्होल्टेज पडतं, पंखे रेंगाळतात, फ्रिजची मोटर ओढ घेऊन तापते. त्यातच ओल्या ओट्यावर उघड्या जोडाचा पंप, त्याची वायर खिडकीतून आलेली, आणि प्लगच्या जागी बोर्डात खोचलेल्या दोन काड्या. टिल्लू पंप पाण्याच्या दृष्टीने शेजाऱ्यावर अन्याय, विजेच्या दृष्टीने सगळ्या गल्लीवर, आणि जिवाच्या दृष्टीने स्वतःच्याच घरावर. तारेवर टाकलेल्या आकड्याचंही तसंच. २००३ च्या विद्युत कायद्याचं १३५ वं कलम वीजचोराला तुरुंगात पाठवू शकतं, हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं आणि त्याने कोणी थांबत नाही. डीपी जळते ती मात्र प्रामाणिक ग्राहकाचीही जळते, आणि नवी येईपर्यंत अख्खी आळी अंधारात बसते.

गावाने मिळून काही केलं तर काय होतं, याचं उदाहरण महाराष्ट्रात आहे. जुन्या वीज मंडळाची वाटणी होऊन २००५ साली महावितरण आली तेव्हा भारनियमन ऐन भरात होतं. खेड्यांत दिवसातले बारा-बारा तास लाईन नसे. त्या सुमारास अक्षय प्रकाश योजना आली. गावाने ग्रामसभेत ठराव करायचा, की संध्याकाळच्या वेळी शेतपंप, चक्क्या, शेगड्या चालवायच्या नाहीत आणि आकडे टाकायचे नाहीत. त्या बदल्यात दिव्यापंख्यापुरती लाईन सलग मिळायची. लक्ष ठेवायचं ते गावानेच. पुढे गावठाण आणि शेतीचे फीडर वेगळे झाले, भारनियमन ओसरलं, आणि योजना विस्मरणात गेली. मला ती महत्त्वाची वाटते, कारण लाईनमनच्या धाकाने न सुटलेले आकडे शेजाऱ्याच्या डोळ्यांपुढे सुटले. आज वडनेरसारख्या गावाने असाच ठराव करायचा झाला, तर तो पथदिव्यांपासून सुरू व्हावा. भर दुपारी जळणारे पथदिवे आपण सगळे बघतो, त्यांचं बिल ग्रामपंचायतीच्या नावावर येतं म्हणून ते कोणाचंच नसल्यासारखं वाटतं. गणपती-नवरात्राच्या मांडवाची जोडणी तात्पुरत्या मीटरवरूनच व्हावी, हेही त्याच ठरावात बसतं. आणि शेताच्या कुंपणात रानडुकरांसाठी करंट सोडणाऱ्याला कोणी पाठीशी घालू नये, हे लिहायची खरं तर वेळ यायला नको होती.

विजेच्या या पुस्तकात गॅसचंही एक प्रकरण आहे, आटोपशीर. उज्ज्वला योजनेपासून, म्हणजे २०१६ पासून, सिलिंडर घरोघर पोहोचला. तरी कळण्याची भाकर आणि आंघोळीचं पाणी अजून बऱ्याच घरी चुलीवरच होतं, आणि भरलेल्या सिलिंडरची किंमत पाहता त्यात नवल नाही. चूल आणि गॅस एकाच बंद खोलीत नसावेत, एवढं मात्र अडून सांगावं लागतं. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीवर पसरतो, आणि चूल जमिनीवरच असते. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ती त्याच्या पुढच्या तपासणीची तिमाही. घरी आलेला सिलिंडर उतरवून घेताना ती वाचायला अर्धं मिनिट लागतं. वास आला तर दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही. दारं उघडून बाहेर यायचं आणि १९०६ ला फोन लावायचा. विजेसाठी तो १९१२.

सौर छताबद्दल सध्या गावोगाव उत्साह आहे. २०२४ च्या सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० आणि तीनला ७८ हजारांपर्यंत केंद्राचं अनुदान मिळतं. एक किलोवॅट इथल्या उन्हात दिवसाला सरासरी चार युनिट देतो. मात्र दोन गोष्टी विकणारा सांगत नाही. लाईन गेली, की साधा सौर संचही बंद पडतो, भर उन्हात. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला उलट्या दिशेने करंट लागू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. दुसरी, ज्याचं बिल मुळात शंभर युनिटांच्या आत आहे त्याने आधी गच्चीला चुना द्यावा आणि पंखे बदलावेत. छतावर पॅनल आणि खाली अर्थिंग नसलेला कुलर, असं घर बघायला मिळू लागलं आहे.

पुस्तकातून एक गोष्ट मुद्दाम वगळलेली आहे: घरच्या घरी वायरिंग कसं करावं याच्या आकृत्या. ते काम परवानाधारकाचंच. मात्र त्याला काय विचारायचं ते सविस्तर दिलं आहे. अर्थिंगचा खड्डा कुठे आहे, बोर्डातली तिसरी वायर तिथपर्यंत खरोखर जाते का, आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबलं तर ती पडते का, कुलरसाठी तीन पिनांचा प्लग कोणत्या बोर्डावर आहे. हे दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका, असं लिहायचा मोह होतो. पण गावातला वायरमन हा बहुधा शेजारचाच, उद्या लग्नात पंक्तीला बाजूला बसणारा. तेव्हा आधी चहा पाजावा, मग विचारावं, आणि बटण आपल्या हाताने दाबून बघावं.